तिकिटावरचा झार

20 जुलै 1914. सेंट पीटर्सबर्गच्या हिवाळी राजवाड्यासमोरच्या चौकात तुम्ही उभे आहात. तारीख इथल्या भिंतीवरची आहे. बाकीचा युरोप 13 दिवस पुढे चालतो, तिथे आज 2 ऑगस्ट आहे. पण या शहरात आहोत तोवर आपण इथलंच पंचांग मानू. काल जर्मनीनं युद्ध पुकारलंय. चौकात पाऊल ठेवायला जागा नाही. कुणाच्या हातात झेंडा, कुणाच्या हातात देवाची तसबीर, कुणाच्या हातात झारचा फोटो. सज्जात निकोलस आणि त्याची राणी अलेक्झांड्रा येतात आणि सगळा चौक गुडघ्यावर बसतो. कुणी हुकूम दिलेला नाही. तुम्ही एकटेच उभे राहिलात म्हणून शेजारचा माणूस तुमची बाही ओढतो आणि तुम्हीही खाली बसता. राष्ट्रगीत सुरू होतं. त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आहे.

हे पाणी खरं आहे, एवढं आधी मान्य करा, नाहीतर पुढचं काहीच नीट कळणार नाही. रशियात झारशाही कोसळणारच होती, लोक आधीपासून चिडलेलेच होते, असं आपण शाळेत शिकतो. त्यात तथ्य आहे. याच महिन्यात, याच शहरात कामगारांनी ट्रामगाड्या उलथून रस्ते अडवले होते. पण युद्ध पुकारलं आणि ते संप बघता बघता विरले. 26 जुलैला ड्यूमाची, म्हणजे रशियाच्या संसदेची, एक दिवसाची बैठक भरली, तेव्हा झारच्या मंत्र्यांवर वर्षानुवर्षं टीका करणारे उदारमतवादी आता भांडणं बाजूला ठेवू म्हणाले. मूठभर समाजवादी सोडले तर सभागृह सरकारच्या पाठीशी होतं. जी निष्ठा मागूनही मिळत नाही ती या राजाला न मागता मिळाली होती. ती 31 महिन्यांत कशी खर्च झाली, ते पाहायला आपण आलोय.

पहिला खर्च तर बाटलीचाच. सैन्यभरती सुरू होताच सरकारनं दारूची दुकानं बंद केली आणि पुढे ती बंदी युद्ध संपेपर्यंत लांबवली. दहा वर्षांपूर्वी जपानशी लढताना भरतीचे जवान झिंगलेल्या अवस्थेत स्टेशनांवर आले होते, ते पुन्हा नको होतं. हेतू चांगला. पण वोडका विकण्याचा मक्ता सरकारचाच होता आणि राज्याच्या उत्पन्नाचा चौथ्या हिश्शाहून मोठा भाग त्यातून येत होता. जगातल्या सगळ्यात खर्चिक युद्धात उतरताना या राज्यानं आपल्या तिजोरीचा सर्वांत भरवशाचा नळ स्वतःच्या हातानं बंद केला. खड्डा भरायला कर्जं काढली, कर वाढवले, आणि ते पुरेनात तेव्हा नोटा छापल्या. रुबलची सोन्याशी असलेली गाठ 1914मध्येच सोडून दिली होती, त्यामुळे छापायला आडकाठी नव्हती. गावोगाव लोक धान्यापासून चोरून दारू गाळू लागले ते वेगळंच.

आता वर्षभर पुढे या. 1915चा शरद ऋतू, शहराचं नाव पेत्रोग्राद झालंय, तुम्ही ट्राममध्ये चढता आणि कंडक्टरला नोट देता. तो परत देतो ती नाणी नसतात. तुमच्या तळहातावर निळ्या रंगाचा, नखापेक्षा थोडा मोठा, जाडसर कागदाचा तुकडा पडतो. कडेला टपाल तिकिटाचे दाते. किंमत दहा कोपेक. पुढून निकोलसचा चेहरा, दाढी नीट विंचरलेली. उलटून पाहा: गोंद नाही. तिथे दोन डोक्यांचा गरुड आहे आणि खाली छापलंय की हा कागद चांदीच्या सुट्या नाण्यांच्या बरोबरीनं चालेल. पंधरा कोपेकवर झारचा पणजोबा निकोलस पहिला, वीसवर अलेक्झांडर पहिला.

महागाईला घाबरून लोकांनी चांदीची नाणी दडवून ठेवली, बाजारात सुटे मिळेनात, तेव्हा सरकारनं हा तोडगा काढला. ठसे तयारच होते. 1913मध्ये रोमानोव्ह घराण्याच्या सत्तेला 300 वर्षं झाली त्या सोहळ्यासाठी राजांच्या चेहऱ्यांची तिकिटं पहिल्यांदा काढली होती. तेव्हा काही पोस्टमास्तरांनी झारच्या चेहऱ्यावर काळा शिक्का मारायला चक्क नकार दिला होता. ते पाप वाटे त्यांना. आणि आता तो चेहरा मासळीवालीच्या ओल्या बोटांना चिकटतोय, खिशात चुरगळतोय, दाराच्या फटीतून आलेल्या वाऱ्यानं ट्रामच्या फरशीवर पडतोय. तुमच्या मागची बाई तो उचलायला वाकतही नाही.

मला या तुकड्याचं फार वाईट वाटतं. माणसाला महागाई कळते ती हातातल्या पैशातून, आणि या राज्यानं तिच्यावर आपल्या राजाचाच फोटो छापून दिला. पुढची दीड वर्षं आपण जे जे पाहणार आहोत त्यात हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसेल. प्रत्येक हालअपेष्टेला झारचा पत्ता मिळत गेला, आणि बहुतेक वेळा तो त्यानं स्वतःच लिहून दिला.

आघाडीवर काय चाललंय हे पाहायचं तर त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, पोलंडच्या एखाद्या धुळीच्या रस्त्यावर उतरा. युद्धाच्या पहिल्याच महिन्यात टॅननबर्गला सुमारे 90,000 रशियन सैनिक कैद झाले होते आणि सेनापती सॅमसोनोव्हनं जंगलात स्वतःवर गोळी झाडून घेतली होती. तो धक्का पचला. 1915चा पचला नाही. वसंतात गोर्लित्सेपाशी जर्मन तोफांनी फळी फोडली, तेव्हापासून सैन्य मागेच येतंय. तोफखान्याला रोज मोजून थोडेच गोळे मिळतात; पलीकडून दिवसभर मारा होतो आणि इकडून उत्तर येत नाही. खंदकात काही जवान रिकाम्या हातानं बसलेत. शेजारचा पडला की त्याची रायफल घ्यायची, असं त्यांना सांगितलंय. जुलैमध्ये वॉर्सा गेलं.

रस्त्यावर तुमच्या बाजूनं बैलगाड्या आणि घोडागाड्यांची न संपणारी ओळ चाललीय. मागे जाताना शत्रूला काही मिळू नये म्हणून सैन्य पिकं जाळतंय, वस्त्या रिकाम्या करतंय. ज्यूंना तर हेरगिरीच्या संशयावरून गावंच्या गावं उठवून हाकललंय, कसलाही पुरावा नसताना. एका गाडीवर शिवणयंत्र, त्यावर बांधलेली गादी, गादीवर झोपलेलं मूल. असे लाखो लोक देशाच्या मध्यभागाकडे निघालेत. त्यांना वाहून नेणाऱ्या आगगाड्या या धान्य वाहण्याच्या गाड्याही होत्या, हे लक्षात ठेवा. आपल्याला नंतर लागेल.

या उन्हाळ्यात रशियातल्या शहाण्यासुरत्या माणसांनी एक काम केलं. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या स्थानिक मंडळांनी एकत्र येऊन प्रिन्स लव्होव्हच्या पुढाकारानं जखमींसाठी आगगाड्या आणि दवाखाने चालवले, निर्वासितांना जेवू घातलं. कारखानदारांनी युद्धोद्योग समित्या काढल्या आणि अलेक्झांडर गुचकोव्हनं त्यांचं नेतृत्व घेतलं. मध्यवर्ती समितीत कामगारांचे प्रतिनिधीही बसवले. ही माणसं क्रांतिकारक नव्हती. गुचकोव्ह राजेशाहीवादी होता. त्यांना युद्ध जिंकायचं होतं, आणि सरकारला जमत नाही ते काम ते करून देत होते. कुठल्याही राजानं अशा माणसांचे आभार मानले असते. निकोलसला त्यांत राज्य हिसकावणारे हात दिसले.

ऑगस्टमध्ये ड्यूमातल्या निम्म्याहून अधिक सभासदांनी, उजव्या राष्ट्रवाद्यांपासून उदारमतवाद्यांपर्यंत, मिळून पुरोगामी गट बांधला. मागणी इतकी मवाळ की वाचून आश्चर्य वाटावं: देशाचा ज्यांच्यावर विश्वास आहे असे मंत्री नेमा. मंत्री ड्यूमाला जबाबदार असावेत, असंसुद्धा ते म्हणत नव्हते. झारच्या स्वतःच्या मंत्रिमंडळातल्या काहींनाही हे पटलं होतं. उत्तर म्हणून 3 सप्टेंबरला ड्यूमाला घरी पाठवलं.

त्याच सुमारास निकोलसनं आपल्या वडिलांचा चुलतभाऊ ग्रँड ड्यूक निकोलाय निकोलायेविच याला बाजूला करून सरसेनापतिपद स्वतःकडे घेतलं. आठ मंत्र्यांनी सही करून पत्र लिहिलं, असं करू नका, पराभवाचा दोष थेट सिंहासनावर येईल. पत्राचा उपयोग झाला नाही. सही करणाऱ्यांपैकी बहुतेक पुढच्या काळात एकेक करून पदावरून गेले. राजा मोगिल्योव्हच्या लष्करी मुख्यालयात राहायला गेला. मला या निर्णयाचा राग येतो आणि त्याच वेळी त्यामागचा माणूसही दिसतो. सैन्य हरतंय तेव्हा आपण सैन्यात असावं, असं त्याला मनापासून वाटत होतं. धैर्य होतं त्यात. पण राजधानीतल्या नेमणुकांत आता राणीचा शब्द चालू लागला, आणि राणीवर रासपुतिन नावाच्या साधूचा. राणी जन्मानं जर्मन, हेसची. तिनं जर्मनीला गुपितं पुरवली या कंड्यांना काडीचा आधार नव्हता. तरी गोठलेल्या खंदकापासून राजवाड्याच्या जिन्यापर्यंत सगळ्यांचा त्यावर विश्वास बसत चालला होता. गोरेमिकिन, श्त्युर्मर, त्रेपोव्ह, गोलित्सिन: वर्षभरात चार पंतप्रधान. शेवटचा म्हातारा तर मला नेमू नका म्हणून गयावया करत होता.

1 नोव्हेंबर 1916ला तव्रीचेस्की राजवाड्यात जाऊन प्रेक्षकांच्या गॅलरीत बसा. ड्यूमा पुन्हा भरलीय. चष्मा लावलेले, इतिहासाचे प्राध्यापक असलेले पावेल मिल्युकोव्ह व्यासपीठावर आहेत. ते सरकारच्या एकेका चुकीचा पाढा वाचतात आणि प्रत्येक चुकीनंतर सभागृहाला विचारतात, हा मूर्खपणा म्हणायचा की देशद्रोह? मध्ये ते वृत्तपत्रातला एक उतारा जर्मन भाषेतच वाचतात. त्यात राणीभोवतीच्या मंडळींचा उल्लेख आहे. अध्यक्षांच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला जर्मन येत नाही, त्यामुळे कुणी थांबवत नाही. बाकांवरून आरोळ्या उठतात.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र घेतलंत तर जिथे भाषण असायला हवं तिथे कोरी पांढरी जागा आहे. सेन्सॉरनं काढून टाकलंय. आणि म्हणूनच ते सगळीकडे पोचतं. टंकलेखन यंत्रांवर, हातानं, कार्बन लावून त्याच्या प्रती निघतात आणि आघाडीपर्यंत जातात. देशद्रोहाचा पुरावा मिल्युकोव्हकडे नव्हता. भाषणानं लोकांना नवी माहिती दिली नाही. जे ते कुजबुजत होते ते देशाच्या सभागृहात मोठ्यानं बोलता येतं, हे दाखवलं. दीड महिन्यानं, 17 डिसेंबरच्या पहाटे, मोयका नदीवरच्या प्रिन्स युसुपोव्हच्या वाड्यात रासपुतिनचा खून झाला. मारणाऱ्यांत झारचा चुलतभाऊ होता आणि कडवा राजनिष्ठ खासदार पुरिश्केविच होता. राजघराणं वाचवायला राजघराण्यातली माणसं खून करत होती. याहून एकटा राजा कसा असू शकतो?

साम्राज्य मात्र पेत्रोग्रादपुरतं नव्हतं. आतापर्यंत मध्य आशियातल्या रशियन तुर्कस्तानातल्या मुसलमानांना सैन्यभरती नव्हती. 25 जून 1916ला हुकूम निघाला की तिथले पुरुष आघाडीमागच्या मजुरीला न्यायचे. कापसाच्या हंगामात. उझबेक, कझाक, किरगीझ वस्त्या पेटल्या. जिझाखला बंड झालं, ते सेमीरेच्येपर्यंत पसरलं. त्यात रशियन वसाहतवाले मारले गेले, आणि मग सैन्यानं जे केलं त्यात माणसांची गणतीच राहिली नाही. हजारो किरगीझ कुटुंबं बर्फाळ घाट ओलांडून चीनकडे पळाली आणि वाटेत मेली. शाळकरी वयात ताश्कंदला राहिलेला एक वकील खासदार चौकशीसाठी तिकडे गेला आणि परत येऊन ड्यूमात सरकारवर तुटून पडला. त्याचं नाव अलेक्झांडर केरेन्स्की. युद्धासाठी माणसं कमी पडली म्हणून काढलेल्या एका कागदानं साम्राज्याची आशियाई बाजू उसवली. रशियन क्रांतीच्या गोष्टीत या प्रकरणाला नेहमी एखाद्या ओळीची जागा मिळते. ते मला मान्य नाही, पण आपल्याला पुन्हा उत्तरेला जायला हवं, कारण तिकडे थंडी पडलीय आणि पाव संपत आलाय.

जानेवारी 1917. नेवा नदीच्या उत्तरेला, कारखान्यांच्या वीबोर्ग भागात, पहाटेच्या अंधारात तुम्ही पावाच्या दुकानासमोर रांगेत उभे आहात. पायाखालचा बर्फ इतका तुडवलेला आहे की काचेसारखा घसरतो. पुढे शंभरेक जण असतील, जवळजवळ सगळ्या बायका. कुणी डोक्यावरून दोन शाली घेतल्यात. कुणी लाकडी खोकं आणलंय, त्यावर आळीपाळीनं बसतात. दुकान उघडायला अजून अवकाश आहे आणि उघडल्यावर आपल्यापर्यंत पाव पुरेल की नाही, हे कुणाला ठाऊक नाही. काहीजणी रात्रपाळी करून थेट इथे आल्यात. काहीजणी इथून थेट कामावर जातील.

"मावशी, तुमचं कोण आघाडीवर?" पुढची तरुण पोर विचारते.

"दोघं. एकाचं पत्र येतं."

पोर पुढे काही विचारत नाही. थोड्या वेळानं मावशीच बोलू लागते. पावाबद्दल, मग साखरेच्या रेशनबद्दल, मग जळणाबद्दल, मग मंत्र्यांबद्दल. तिच्या मागची बाई राणीबद्दल काहीतरी सांगते, ते मी इथे लिहिणार नाही. कुणी तिला गप्प करत नाही. कोपऱ्यावर पोलीस शिपाई आहे, तो ऐकू येत नसल्यासारखा उभा आहे.

देशात धान्य नव्हतं असं समजू नका. तुर्कांनी सामुद्रधुनी बंद केल्यापासून काळ्या समुद्रातून परदेशी जाणारं धान्य देशातच राहिलं होतं. पण शेतकऱ्यानं ते का विकावं? कारखाने तोफगोळे करतात. नांगर, खिळे, कापड, रॉकेल बाजारात नाही, असलं तर आवाक्यात नाही. धान्य देऊन कागद घ्यायचा आणि त्या कागदाला काही येत नाही. त्यापेक्षा कोठारात राहिलेलं बरं, गुरांना घातलेलं बरं. सरकारनं भाव बांधून दिले, पुढे जिल्ह्यांना सक्तीचा कोटा लावला. धान्य आणखी खोल गेलं. जे स्टेशनपर्यंत आलं ते तिथेच अडलं. राजधानीच्या कारखान्यांना पूर्वी इंग्लंडहून बाल्टिक समुद्रातून कोळसा येई. तो रस्ता जर्मन आरमारानं बंद केला, म्हणून आता दूर दक्षिणेतल्या दोनबासचा कोळसा रेल्वेनं आणावा लागत होता. त्याच रुळांवरून सैन्य, दारूगोळा, जखमी, घोड्यांचा चारा, निर्वासित. इंजिनं दुरुस्त करायला सुटे भाग नाहीत, माणसं नाहीत. त्यात यंदाची थंडी कडाक्याची.

शहर मात्र फुगलंय. दारूगोळ्याच्या कारखान्यांत काम मिळतं म्हणून खेड्यांतून माणसं आली, पुरुष आघाडीवर गेले तिथे बायका यंत्रांवर उभ्या राहिल्या. मजुरी वाढली, भाव तिच्या पुढे गेले.

हे सगळं सरकारला कळत होतं. गुप्त पोलिसांचे अहवाल आजही वाचता येतात. तासन् तास रांगेत उभ्या राहून थकलेल्या, घरी उपाशी आणि आजारी पोरं असलेल्या आया या मिल्युकोव्ह वगैरे मंडळींपेक्षा क्रांतीच्या जवळ आहेत आणि जास्त धोक्याच्या आहेत, अशा आशयाचा इशारा याच महिन्यात वर गेला होता. इतकं नेमकं निदान एखाद्या राज्याच्या यंत्रणेनं क्वचितच केलं असेल. त्यावर सरकारनं काय केलं? युद्धोद्योग समितीतल्या कामगार प्रतिनिधींना अटक केली. कामगारांशी सनदशीर भाषेत बोलू शकणारी जी काही माणसं होती ती तुरुंगात गेली.

22 फेब्रुवारीला झार मोगिल्योव्हला निघून गेला. दुसऱ्या दिवशी हवा जरा निवळली. 23 फेब्रुवारी, म्हणजे बाहेरच्या जगातला 8 मार्च, आंतरराष्ट्रीय महिला दिन. बोल्शेविकांच्या स्थानिक कार्यकर्त्यानं बायकांना बजावलं होतं, एवढ्यात संप नको, वेळ आलेली नाही. वीबोर्गच्या सूतगिरण्यांतल्या बायकांनी ऐकलं नाही. त्या बाहेर पडल्या आणि लोखंडाच्या कारखान्यांच्या खिडक्यांखाली जाऊन हाका मारू लागल्या, खिडक्यांवर बर्फाचे गोळे मारू लागल्या. मागणी पावाची. लेथवरचे पुरुष आधी बघत राहिले, मग दरवाजे उघडले. संध्याकाळपर्यंत सुमारे 90,000 कामगार संपावर होते. क्रांतीचे सिद्धांत ज्यांना पाठ होते ते सगळे मागून आले. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण या बायकांची नावं आपल्याला माहीत नाहीत आणि लेनिनचं (तो तेव्हा झुरिकला होता) मात्र सगळ्यांना माहीत आहे.

24 तारखेला साम्प्सोनिएव्हस्की रस्त्यावरच्या मोर्चात तुम्ही शिरता. समोर कोसॅक घोडेस्वार. अधिकारी गर्दीत घोडे घालून वाट पाडतात आणि मागे एकामागोमाग एक कोसॅक त्या वाटेनं शांतपणे पुढे निघून जातात. चाबूक उगारत नाहीत. एकानं डोळा मिचकावला, असं त्या मोर्चात असलेल्या कामगारानं लिहून ठेवलंय. पुढे पुलावर पोलीस आहेत, म्हणून लोक काठावरून उतरतात आणि गोठलेल्या नेवेवरून चालत पलीकडे जातात. तुम्हीही उतरा.

शहरात पोलीस सुमारे 3,500. खरा भरवसा लष्करावर, आणि लष्कर दीड लाखाहून अधिक. नावं मोठी: प्रेओब्राझेन्स्की, पाव्हलोव्स्की, व्होलिन्स्की, झारच्या खास रक्षक पलटणी. पण त्या पलटणींची मुरलेली माणसं दोन वर्षांत आघाडीवर मेली. बराकींत कोंबलेत ते नवे रंगरूट, पोराबाळांचे बाप असलेले चाळिशीचे शेतकरी आणि जखमा भरत आलेले जवान. रांगेतल्या बायका त्यांच्याच घरातल्या. 25च्या रात्री झारची तार आली: राजधानीतला गोंधळ उद्याच थांबवा. 26ला, रविवारी, झ्नामेन्स्काया चौकात व्होलिन्स्की पलटणीच्या तुकडीनं गर्दीवर गोळ्या झाडल्या. चाळीसच्या आसपास माणसं त्या एका चौकात पडली.

त्या रात्री व्होलिन्स्कीच्या बराकीत जा. मला विचाराल तर साम्राज्य या खोलीत संपलं. दिवसभर ज्यांनी चाप ओढला ते खाटांवर बसलेत. तिमोफेय किर्पिच्निकोव्ह नावाचा वरिष्ठ हवालदार त्यांच्याशी हलक्या आवाजात बोलतोय. उद्या पुन्हा बाहेर काढतील. उद्या पुन्हा झाडायच्या का? ठरतं की नाही झाडायच्या. त्यांच्यात पक्षाचा माणूस नाही, भाषण नाही, जाहीरनामा नाही. उजाडायच्या आत ते शस्त्रं घेऊन रांगेत उभे राहतात. कॅप्टन लाश्केविच येतो, झारची तार वाचून दाखवतो. जवान हलत नाहीत. तो वळून बाहेर निघतो आणि अंगणात गोळी लागून पडतो. आता मागे फिरणं म्हणजे फाशी, म्हणून ते शेजारच्या पलटणींच्या दारांवर जातात. दुपारपर्यंत शस्त्रागार गेलं, तुरुंग उघडले, लितेयनी रस्त्यावरचं न्यायालय जळत होतं.

संध्याकाळी राजधानीच्या लष्करी विभागाचे प्रमुख जनरल खाबालोव्ह ॲडमिरल्टीच्या इमारतीत अडकून बसलेत. लष्करी कायदा लागू केल्याची पत्रकं कशीबशी छापून झालीत. ती चिकटवायला खळ नाही. ब्रशही नाहीत. दोन शिपायांना काही पत्रकं देऊन बाहेर पाठवतात, ते बागेच्या लोखंडी कुंपणावर ती अडकवून येतात. सकाळी ती चौकात लोकांच्या पायांखाली होती. तीनशे वर्षांच्या राज्याला आपला शेवटचा हुकूम भिंतीला लावता आला नाही.

त्याच रात्री तव्रीचेस्की राजवाड्याच्या एका बाजूला ड्यूमाची तात्पुरती समिती बसली आणि दुसऱ्या बाजूला कामगार आणि सैनिकांची सोव्हिएत, म्हणजे परिषद. झार राजधानीकडे निघाला, पण पुढचे रूळ बंडखोरांच्या हाती गेल्याची खबर आल्यानं त्याची गाडी वळवून प्स्कोव्हला न्यावी लागली. 2 मार्चला लष्करी मुख्यालयातल्या जनरल अलेक्सेयेव्हनं सगळ्या आघाड्यांच्या सेनापतींना तारेनं मत विचारलं. काही तासांत उत्तरं आली: पायउतार व्हा. त्यांत काकेशसहून आलेलं एक त्या ग्रँड ड्यूकचंही होतं, ज्याला हटवून निकोलस सरसेनापती झाला होता. युद्धात सैन्याशी एकरूप व्हायला गेलेल्या राजाला त्याच सैन्यानं सांगितलं की आता तुमच्यामुळे युद्ध हरू. राजीनामा न्यायला पेत्रोग्रादहून आलेल्या दोघांत गुचकोव्ह होता. निकोलसनं पेन्सिलीनं सही केली. गादी ज्याला देऊ केली त्या धाकट्या भावानं, मिखाइलनं, दुसऱ्याच दिवशी ती नाकारली.

थोडं आणखी थांबा, कारण युद्ध चालूच आहे. नव्या हंगामी सरकारात लव्होव्ह आता पंतप्रधान, मिल्युकोव्ह परराष्ट्रमंत्री, गुचकोव्ह युद्धमंत्री. दोस्त राष्ट्रांना दिलेला शब्द पाळू, विजयापर्यंत लढू, असं मिल्युकोव्हनी एप्रिलमध्ये त्यांना कळवलं. 20 एप्रिलला मारिइन्स्की राजवाड्यासमोर उभे राहिलात तर फिनलंड पलटण संगिनी लावून येताना दिसेल. फलकांवर मिल्युकोव्हचं नाव आहे, ते जावेत म्हणून. महिना संपताना गुचकोव्हनं राजीनामा दिला, 2 मेला मिल्युकोव्हनी.